उभ्यानं मोजा

आडवं पडल्यावर गुणमाला मगदूमबाईंचा रक्तदाब अख्ख्या तालुक्यानं आदर्श म्हणून भिंतीवर लावावा असा होता. एकशे अठरा, शहात्तर. अडचण एवढीच, की अर्जुना आबा विद्यालयात आडवं पडून शिकवायची सोय नव्हती. आणि उभं राहिलं की चौथ्या मिनिटाला बाईंच्या डोळ्यांपुढचा वर्ग कडेकडेनं काळा पडत यायचा, मुलांचे आवाज हौदातून आल्यासारखे यायचे, मानेला घाम सुटायचा आणि बाई फळ्याची चौकट धरून म्हणायच्या, "वाचा रे पुढचं मनातल्या मनात." नववी ब ह्या वर्षी मनातल्या मनात फार पुढं गेली होती.

भानगड जानेवारीतली. संस्थेचे अध्यक्ष राजवर्धनदादा यांचा वाढदिवस आणि शाळेचं स्नेहसंमेलन एकाच दिवशी येतं. म्हणजे आणलं जातं. फाटकावर दादांचा वीस फुटी फ्लेक्स चढवला होता. दुपारी वारं सुटलं, सुतळी तुटली आणि हात जोडलेले दादा लोखंडी चौकटीसकट जे खाली आले ते मुलींची रांग लावत असलेल्या गुणमालाबाईंच्या डोक्यावर. रक्त नाही, टाका नाही. दोन मिनिटं शुद्ध गेली आणि लिंबाएवढं टेंगूळ आलं. मुख्याध्यापक खरातसरांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, हे खरं. दवाखान्याच्या कागदावर 'घरी न्हाणीत पाय घसरून' असं लिहून घेतलं, हेही खरं. बाई त्या वेळी शुद्धीवर आल्या होत्या, पण स्वतःच्या नावापलीकडं त्यांना कशाचीच खात्री वाटत नव्हती.

सीटी स्कॅन नॉर्मल आला.

हे वाक्य पुढं इतकं वापरलं गेलं, की त्याचा शिक्का बनवून घेतला असता तर लोकांचे श्रम वाचले असते. चक्कर येते? स्कॅन नॉर्मल आहे. उजेड सोसत नाही? स्कॅन नॉर्मल आहे. फेब्रुवारीत एकदा खडूसकट बाई फळ्याखाली कोसळल्या, तेव्हा खरातसर धावत आले आणि वाकून म्हणाले, "मॅडम, घाबरू नका, स्कॅन नॉर्मल आहे."

तशी बाईंची मागणी फार नव्हती. वर्गात एक खुर्ची. पण शाळेत वर्गात खुर्ची नव्हती, एकाही. दोन वर्षांपूर्वी दादा कुठलीशी परदेशातली शाळा बघून आले. तिथं त्यांनी काय पाहिलं देव जाणे, पण परत आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या उचलून सभागृहात नेल्या. बसलेला शिक्षक झोपतो, असा त्यांचा शोध. 'खुर्चीमुक्त शाळा' म्हणून पेपरात फोटो आला. फोटोत दादा बसले होते.

घरी वेगळीच तऱ्हा. दवाखान्यातून आल्यावर भरतेशनं, म्हणजे बाईंच्या नवऱ्यानं, आईला सांगितलं, "डॉक्टर म्हंतेत बीपीचा काय तरी घोळ हाय." सुंदरीबाईंना एवढंच पुरे होतं. त्यांना स्वतःला पंधरा वर्षं बीपी. त्यांच्या भावकीत, शेजारात, मंदिराच्या पारावर ज्याला ज्याला बीपी आहे त्याला ते वाढलेलंच आहे. कमी होणारं बीपी त्या मुलखात कुणी पाहिलेलं नव्हतं. बीपी म्हणजे मीठ बंद.

"आत्ती, आमटीला चव न्हाई ओ," गुणमाला पहिल्या दिवशी म्हणाली.

"चव बघायला लग्नाला आलीयास व्हय? बीपी हाय तुला. गप खा."

रविवारी बिनमिठाचं जेवण हा सुंदरीबाईंचा जुना नेम. आता गुणमालेचे सातही वार रविवार झाले. वर सकाळी चहाबरोबर सासूबाईंच्या डब्यातली अर्धी गोळी यायला लागली. मायेनं यायची, त्यामुळं नाकारताही येईना. गोळी घेतली की अकरा वाजता चौथ्या मिनिटाचं दुसरं मिनिट व्हायचं.

हा भाग नंतर कधीही आठवला की गुणमालाबाईंना सासूचा नाही, स्वतःचा संताप यायचा. एकोणीस वर्षं ही बाई विज्ञान शिकवत होती. लंबमज्जा हृदयाचे ठोके, श्वसन, रक्तदाब ह्यांचं नियंत्रण करते, हे वाक्य तिनं एकोणीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं होतं, चुकलं की दहादा लिहायला लावलं होतं. आणि स्वतःच्या डोक्यात तेच यंत्र अडखळलं, तेव्हा ती बिनमिठाची आमटी भुरकत आणि रक्तदाब उतरवायची गोळी गिळत तीन आठवडे बसली. का, तर आत्ती म्हणाल्या. शिक्षणाचा एवढा उपयोग पुष्कळ झाला.

शेवटी उंब्रजच्या भावानं ऐकलं नाही. त्यानं बहिणीला गाडीत घातलं आणि साताऱ्याला डॉक्टर प्रांजलकडं नेलं. बाईंना वाटलं, इथंही तेच वाक्य ऐकायला मिळणार. पण ह्या पोरगेल्या दिसणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅनचं पाकीट उघडलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "झोपा. दहा मिनिटं काही बोलायचं नाही."

दहा मिनिटांनी मोजलं. एकशे अठरा, शहात्तर. नाडी बहात्तर.

"आता उभ्या राहा. भिंतीला टेकायचं नाही."

एक मिनिट झालं तेव्हा वरचा आकडा एकशे चार. तीन मिनिटांनी ब्याण्णव, आणि नाडी एकशे चौदा. पाचव्या मिनिटाला चौऱ्याऐंशी, आणि नर्सनं बाईंना बखोटीला धरून पलंगावर बसवलं. डॉक्टरांनी सगळे आकडे एकाखाली एक लिहिले. गुणमालाबाईंनी तो कागद पाहिला आणि त्यांना रडूच आलं. महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्यावर कुणीतरी, निदान एका यंत्रानं तरी, विश्वास ठेवला होता.

"स्कॅन नॉर्मल आहे ना पण?" भावानं विचारलं. सवयीनं.

"असणारच. स्कॅनमध्ये घर दिसतं. घरातली माणसं एकमेकांशी बोलतात का, ते नाही दिसत." डॉक्टर हात धुता धुता सांगत होत्या. "आपण उभं राहिलो की रक्त पायाकडं उतरतं. मेंदू लगेच निरोप देतो, नसा आवळा, ठोके वाढवा. आपल्याला पत्ताही लागत नाही. डोक्याला धक्का बसला की कधीकधी तो निरोप उशिरा जातो, अर्धवट जातो. धक्का लहान असला तरी. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. तोवर भरपूर पाणी, जेवणात मीठ नेहमीपेक्षा थोडं जास्त, आणि एका जागी उभं राहायचं नाही. काय काम करता?"

"शिक्षिका आहे."

"मग बसून शिकवा. त्यात काय!"

गुणमालाबाई हसल्या. डॉक्टरांना वाटलं, बाईंना हलकं वाटलं.

घरी आल्यावर बाईंनी तो कागद सासूपुढं धरला आणि ताटात मीठ वाढून घेतलं. सुंदरीबाई त्या मिठाकडं विषाकडं बघावं तशा बघत राहिल्या.

"मीठ जास्त खा म्हणून डॉक्टरनं लिवलं? लिवलं? बघू. ही डॉक्टर शिकल्याली हाय न्हवं?"

"तुमच्या गोळीनं मी तीनदा पडले, आत्ती."

सुंदरीबाई उठल्या, आत गेल्या आणि लोणच्याची बरणी आणून सुनेच्या ताटाशेजारी जरा जोरातच ठेवली. "खा. मला कुणी सांगिटलं न्हाई, उभ्यानं येगळं असतंय म्हणून. मला बी कवा कुणी उभ्यानं मोजलं न्हाई."

घरातलं निपटलं. शाळा राहिली.

खरातसरांनी डॉक्टर प्रांजलची चिठ्ठी दोन बोटांत धरून वाचली. हरिबा खरात हा माणूस वाईट नव्हता. आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागं फिरत शिकलेला, पुस्तकांच्या बाबतीत अजून हळवा. फक्त दादांचं नाव निघालं की त्याच्या पाठीचा कणा रजेवर जायचा.

"मॅडम, ही साताऱ्याची चिठ्ठी आहे."

"हो."

"आपली संस्था सांगली जिल्ह्यात येते."

"रक्तदाब पण जिल्हा बघून बदलतो का सर?"

"तसं नाही हो. संस्थेच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. सांगलीला. त्यांनी लिहून दिलं तर मी स्वतः खुर्ची उचलून आणतो. आईशप्पथ."

"आणि न्हाणीत पाय घसरला, ते कुणाच्या शपथेवर लिहिलं होतं सर?"

खरातसरांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता. "मॅडम, तुम्हाला ठाऊक आहे सगळं. दादांचा फ्लेक्स पडला असं लिहिलं असतं तर..."

"तर काय?"

"तर तो पडला असं झालं असतं."

सांगलीला पॅनेलच्या दवाखान्यात तीन डॉक्टर एका लांब टेबलामागं बसले होते. बाई दारातून आत आल्या तोच मधल्या डॉक्टरांनी समोरच्या खुर्चीकडं हात केला. गुबगुबीत, हातांची खुर्ची होती.

"बसा मॅडम."

"बसल्यावर मला काही होत नाही, डॉक्टर."

"छान. मग तक्रार काय आहे?"

"तीच."

त्यांनी बसवलंच. पाच मिनिटं शांत बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं. इतक्या आदरानं बाईंना कित्येक महिन्यांत कुणी बसवलं नव्हतं. मग पट्टा बांधला.

"एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर. माझ्यापेक्षा चांगलं आहे!" मधले डॉक्टर म्हणाले. डावे हसले. उजवे मोबाइलमध्ये होते, तेही हसले.

"आता उभ्यानं मोजा," बाई म्हणाल्या. "लगेच एकदा, तीन मिनिटांनी एकदा आणि पाच मिनिटांनी एकदा."

"फॉर्मवर रकाना एकच आहे."

"मग त्यात उभ्याचं लिहा."

"मॅडम, बीपी बसवूनच घेतात. सगळ्या जगात. तुमच्यासाठी नियम..."

"अहो, मला बसायला जागा नाही म्हणून तर मी इथं आलेय!" बाईंचा आवाज चढला. "खुर्चीत बसवायचं आणि खुर्चीची गरज नाही म्हणून लिहून द्यायचं? कुणी पाण्यात बुडतंय म्हणून सांगत आलं, तर त्याला काठावर आणून बघता का तुम्ही, श्वास चालतोय का म्हणून? पाच मिनिटं. पाच मिनिटं मागतेय मी तुमची!"

मधल्या डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. बाहेर संस्थेचे अजून अकरा जण होते. एवढ्या बोलण्यात, रागाच्या भरात उभ्या राहिलेल्या बाईंना मिनिटभरात खोलीच्या कडा काळ्या व्हायला लागलेल्या दिसल्या, आणि त्यांनी नाइलाजानं तीच खुर्ची पुन्हा धरली. धरली नसती तर बरं झालं असतं, असं त्यांना एसटीत बसल्यावर वाटलं. त्या टेबलावरच पडायला हवं होतं. पण पडायच्या आधी सावरणं हे एकोणीस वर्षांच्या नोकरीत अंगवळणी पडलेलं असतं.

दाखल्यावर लिहून आलं : 'रक्तदाब सामान्य. सर्व कामांस पात्र.' आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात : 'स्वभाव तापट.' त्यासाठी रकाना होता.

दुसऱ्या दिवशी गुणमालाबाई शाळेत आल्या, नववी बच्या वर्गात शिरल्या, हजेरी घेतली आणि फळ्यापुढच्या शहाबादी फरशीवर मांडी घालून बसल्या. दादांच्या परिपत्रकात वर्गात खुर्ची नसावी असं होतं. जमिनीबद्दल एक अक्षर नव्हतं. बाईंनी दोनदा वाचून खात्री केली होती.

बाकांवरून पोरांना बाई दिसेनात. पहिल्या दिवशी मागच्या रांगेनं मजा केली. दुसऱ्या दिवशी पुढच्या मुली खाली उतरल्या. आठवड्यात सगळा वर्ग बाईंभोवती गोल करून फरशीवर. शहाबादी फरशीवर खडू फळ्यापेक्षा बरा उठतो, हा शोध दरम्यान लागला. अंतर्गोल आरसा, नाभी, किरण, सगळं जमिनीवर पसरलं, आणि पोरं त्याच्या कडेनं रांगत, पट्टी लावत, एकमेकांना ढकलत किरण ओढू लागली. शिपाई गुंडामामा पाण्याचा तांब्या आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, ह्यो केर न्हाई काढत मी. ह्यात लय हिशोब दिसतोय."

खरातसर दारातून बघून गेले. कणा रजेवर असला तरी डोळे कामावर होते. पोरं शिकत होती.

मार्चअखेर दादा आले. वाळव्याकडच्या एका संस्थेचे चार जण बरोबर होते. 'खुर्चीमुक्त शाळा' बघायला आले होते, तिकडंही तेच करायचं होतं. दादांनी सातवी दाखवली, आठवी दाखवली. शिक्षक उभे, घामाघूम. पाहुणे माना डोलवत होते. मग नववी ब. दारातून बघितलं तर सगळी बाकं रिकामी.

"वर्ग कुठं गेला?" दादा म्हणाले.

"इथं आहे," जमिनीवरून आवाज आला.

पोरं पटापट उभी राहिली. दादा आले की उभं राहायचं, हे शाळेत पाढ्यांच्या आधी शिकवतात. चाळीस पोरांच्या मध्ये गुणमालाबाई तेवढ्या बसलेल्या राहिल्या, हातात खडू.

"मॅडम," खरातसर कुजबुजले. सगळ्यांना ऐकू गेलं. "दादा आलेत."

"दिसतायत. नमस्कार दादा. मी उठले तर पडेन. बसूनच बोलते."

दादा पाहुण्यांकडं बघून हसले. "जरा तब्येतीची कुरकुर असतीय त्यांची. आमच्या पॅनेलनं तपासलंय. एकदम फिट हायत. उठा बाई, पावणे आल्यात."

"पॅनेलनं बसवून तपासलं, दादा. साताऱ्याला उभं करून तपासलं. पाच मिनिटांत चौऱ्याऐंशीवर येतं. कागद खरातसरांच्या कपाटात आहे. मागितला का तुम्ही कधी?"

"काय लागलंय हो तुमाला एवढं? स्कॅन तर नॉर्मल..."

"तुम्ही," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही लागलाय. डोक्याला. वीस फुटी होतात, फाटकावर. ही सगळी पोरं होती तिथं. विचारा त्यांना, माझ्या न्हाणीत कोण कोण होतं ते."

मागून एक मुलगी फिसकन हसली आणि मग वर्गच हसला. वाळव्याचा एक पाहुणा खोकला. दादांचा चेहरा लाल झाला. त्यांचंही बीपी त्या घडीला मोजण्यासारखं असणार. ते बोलायला लागले. शिस्त, संस्कार, आबांनी रक्ताचं पाणी करून उभी केलेली संस्था, आदर, आजकालचे शिक्षक. गुणमालाबाई खालून ऐकत होत्या. त्यांच्या आत दोन महिने साचलेलं इतकं काही होतं, की हातातला खडू तुटला. पण त्या उठल्या नाहीत. उठून भांडावं असा मोह होता, आणि तिथंच त्या हरल्या असत्या, चार मिनिटांत.

दादांना मात्र खालच्या माणसाशी मान वाकवून भांडायची सवय नव्हती. शिव्या द्यायलासुद्धा समोरचा माणूस समोर लागतो. त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, पुन्हा पहिल्यावर घेतला. गुडघा धरला.

"ह्यांची आत्ताच्या आत्ता चौकशी करणार मी. हितंच. सगळ्यांसमोर. लेखी घ्या खरातसर. आरं गुंडा! दहा मिनिटं झाली उभा हाय मी, दिसंना व्हय तुला? खुर्ची आण!"

गुंडामामा गेले. सभागृह लांब होतं, तरी फार लवकर आले. खुर्ची लाकडी, हातांची, पाठीला संस्थेचं नाव रंगवलेली. दाराशी चार पाहुणे, दादा आणि खरातसर अशी गर्दी झाली होती. त्यांना वळसा घालून मामांनी ती आत आणली आणि टेकवली, ती कुठं, तर फळ्यापुढं, बाईंपासून हातभर अंतरावर. मुद्दाम की जागा नव्हती म्हणून, ते मामांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

दादांनी पाऊल उचललं. मध्ये अंतर्गोल आरसा काढलेला होता आणि त्याच्या कडेनं चाळीस पोरं. एक पोरगं ओरडलं, "दादा, पाय! किरण पुसंल!" दादा सवयीनं थांबले. पुढाऱ्याला पोरांपुढं चित्रावर पाय देता येत नाही. कुणीतरी फोटो काढतं.

तेवढा वेळ पुरला. गुणमालाबाईंनी एक हात जमिनीला, एक खुर्चीच्या पायाला लावला आणि सावकाश उठल्या. डोळ्यांपुढं अंधारून आलं तोवर त्या बसल्या होत्या. पाठ टेकवली. हात हातांवर ठेवले. अंधार आला तसा उतरला.

खरातसरांच्या हातात लेखी घ्यायचा कागद होता, त्यावर त्यांनी तारीख तेवढी घातली होती.

"ती माझी खुर्ची हाय," दादा म्हणाले. आवाज भलताच बारीक आला.

"शाळेची आहे. पाठीवर लिहिलंय. घ्या चौकशी, दादा. मी बसलेय. विचारा काय विचारायचं ते, दिवसभर उत्तरं देते." बाईंनी पोरांकडं बघितलं. "तुम्ही कशाला उभे? बसा खाली. नाभीतून जाणारा किरण परावर्तनानंतर कसा जातो? हां, तू सांग."

पोरगी उभी राहिली, पाहुण्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "मुख्य अक्षाला समांतर."

वाळव्याच्या पाहुण्यांना एकदम उशीर झाल्याचं आठवलं. दादा त्यांना सोडायला गेले ते परत आले नाहीत. नोटीस निघणार होती. बाईंना ते माहीत होतं, खरातसरांना माहीत होतं, आणि कदाचित तिचा मजकूरही त्यांनाच लिहावा लागणार होता. ते दारात घुटमळत राहिले. तासाची घंटा झाली.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "आता तुमचा आठवी अ वर तास आहे. तिकडं... ही खुर्ची मी तिकडं आणली तर... लोक बघतील."

"नका आणू," गुणमालाबाई म्हणाल्या. त्या तांब्यातलं पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि खुर्चीचे दोन्ही हात नीट धरून बसल्या. "आठवी अ ला इकडं पाठवा."